दक्षिणा, टॅक्सच्या आधीची

दर सोमवारी सकाळी साडेआठ वाजता काका सरकारला फोन करायचे. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायचे आणि पलीकडून ती वाट बघायला लावणारी गाणी सुरू झाली की लसूण सोलायला घ्यायचे. गाणी अर्धा तास चालली तर अर्ध्या तासाचा लसूण. मग कोणीतरी बोलायला आलं की हात पुसून, खुर्चीत ताठ बसून सांगायचे, "किया ओरा. गेल्या आठवड्यात मी पंधरा तास काम केलं. हार्डवेअरच्या दुकानात. टॅक्सच्या आधीची रक्कम सांगतो, लिहून घ्या." किया ओरा हा इथल्या माओरींचा नमस्कार, बाकी सगळं इंग्रजीत, पण शब्द तेवढे इंग्रजी, चाल अस्सल चिंचवडची. आकडा दोनदा सांगायचे. पलीकडच्याने तो परत म्हणून दाखवला की मगच थँक यू म्हणून फोन ठेवायचे.

आमच्यासारख्या अर्ध्या नोकरीवाल्यांचं इकडे वेलिंग्टनकडे असं असायचं. पूर्ण वेळ काम मिळेना, जे मिळतं त्यात घरभाडं निघेना, म्हणून उरलेला भार बेनिफिटमधून सरकार उचलायचं. अट एकच, दर आठवड्याला किती कमावलं ते खरं सांगायचं. थोडक्या कमाईला ते हात लावत नसत, त्याच्या वर गेलं की बेनिफिटमधून कापत. म्हणजे चार तास जास्त राबलात तरी हातात वाढीव पडणार जेमतेम. त्यामुळे बरेच लोक सगळं सांगायचे नाहीत, आणि त्यात फार काही वाईट आहे असंही कोणाला वाटायचं नाही. काका सगळं सांगायचे. तोच त्यांचा आजार होता.

नाताळात त्यांचं दुकान दहा दिवस बंद असायचं. तेव्हाही सोमवारी फोन. "गेल्या आठवड्यात शून्य." पलीकडची मुलगी बिचारी समजावून सांगायची, सर, काही कमावलं नसेल तर कळवायची गरज नाही. काका म्हणायचे, हो, तरी लिहून घ्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो काका, शून्य कळवायला चाळीस मिनिटं फोनवर?" तर लसणाच्या पाकळीवरून नजर न काढता म्हणाले, "बाई, न कळवलेलं शून्य आणि लपवलेली रक्कम लांबून सारखीच दिसते. त्यांना कसं कळायचं कुठली कुठली?"

ते सगळ्यांनाच बाई आणि साहेब म्हणायचे, आणि सगळ्यांना अहो-जाहो. मी त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, तरी मी बाई. माझी लेक पाच वर्षांची, तिलाही, "तुम्ही दूध प्यायलात का?" ती मराठी सगळं समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची. "काका, यू आर सो वीअर्ड." काका मान डोलवायचे. त्यांना वीअर्ड म्हणजे काय ते पुरतं माहीत होतं.

वेलिंग्टनजवळ लोअर हटला ते माझ्या आधीपासून राहत होते. चिंचवडला एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. बायको गेली, मुलीचं लग्न झालं, तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून पॉइंट मोजून रेसिडेन्सीचा अर्ज केला आणि पन्नाशीत इकडे आले. इथेही कारखान्यातच लागले. दोन वर्षांनी तो कारखाना बंद पडला. त्या वयात आणि त्या उच्चारांत त्यांना दुसरी नोकरी मिळाली ती हार्डवेअरच्या दुकानात, नटबोल्टच्या रांगेत, आठवड्याला पंधरा तास. दुकानात कोणी बोल्ट मागितला की हे खिशातून स्वतःचा व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची मोजपट्टी, काढून मोजायचे. डबीवर माप छापलेलं असताना. गिऱ्हाइकं आधी हसायची, मग त्यांनाच शोधत यायची.

तो व्हर्नियर त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम. माझी पुरणपोळी त्यांनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा आधी मोजली. "मध्ये दोन पूर्णांक चार मिलिमीटर. कडेला तीन." मग तूप वाढून घेऊन खाल्ली. मी विचारलं, "मग पास का नापास?" म्हणाले, "कडेचं बघा." माझ्या सासूनेही माझ्या पोळीला असं नाव ठेवलं नव्हतं. पण खरं सांगते, त्यानंतर माझ्या पोळीची कड सुधारली.

मी साताऱ्याची. हॉटेलच्या कामाचा डिप्लोमा करायला इकडे आले, नोकरी लागली, रेसिडेन्सी झाली, लग्न झालं, मुलगी झाली. नवरा कामासाठी ऑकलंडला गेला आणि तिकडचाच झाला. मी वेलिंग्टनची नोकरी सोडून मुलीच्या शाळेजवळच्या बेकरीत आठवड्याला चौदा तास धरले, कारण पाच वर्षांचं मूल तीन वाजता घरी येतं आणि ते कोणीतरी घ्यायला लागतं. उरलेलं बेनिफिट. हे मी आज सरळ सांगतेय. तेव्हा आमच्या मराठी लोकांत हा शब्द मी कधी तोंडातून काढला नाही. कोणी विचारलं तर बेकरीत आहे म्हणायचे. किती तास ते कोणी विचारत नाही.

काकांची आणि माझी ओळख त्या बेनिफिटच्या ऑफिसातच झाली. मी खुर्चीत मान खाली घालून बसलेले, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. आणि पुढच्या टेबलावर हे गृहस्थ केस मॅनेजर बाईंना नारळ समजावून सांगत होते.

त्याचं असं होतं की काका पूजा सांगायचे. वडिलांनी लहानपणी शिकवलेलं, पाठांतर चोख. इथे नवीन घर घेतलं की लोकांना सत्यनारायण हवा, आणि गुरुजी आणायचे कुठून? मग काका. कोणी गुरुजी म्हटलं की लगेच दुरुस्त करायचे, "मी इन्स्पेक्टर. पूजा येते म्हणून सांगतो." केळीच्या खांबांऐवजी अंगणातल्या फ्लॅक्स नावाच्या झुडपाची लांब पानं चौरंगाला बांधायचे. आरतीला स्मोक अलार्म वाजेल म्हणून यजमान त्याची बॅटरी काढायला निघाले की काका पूजा थांबवायचे. बॅटरी काढायची नाही, खिडक्या उघडा. मग जुलैच्या, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातल्या थंडीत, खिडक्या सताड उघड्या टाकून, आम्ही सगळे जॅकेटं घालून आरती म्हणायचो.

तर त्या दिवशी ते विचारत होते की दक्षिणा मी सांगतोच, पण दक्षिणेबरोबर एक नारळ, किलोभर तांदूळ, सुपारी आणि एक उपरणं मिळालं, ते कमाईत धरायचं का. केस मॅनेजर उंच बाई होती, चष्मा गळ्यात साखळीला अडकवलेला. तिने तो डोळ्यांवर चढवला. "नारळ तुम्ही विकणार आहात का?" "नाही. चटणी करणार." "मग मला वाटतं नारळ राहू दे." पण काकांना तोंडी चालेना. शेवटी तिने वर कोणाला तरी विचारून त्यांना लेखी कळवलं की नारळ आणि तांदूळ धरू नयेत. ते पत्र काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरात पहिल्या पानावर लावलं होतं. कोणाच्या घरी गेले की दाखवायचे. मला त्या दिवशी इतकं हसू आलं की मान वर झाली, आणि काकांनी बघितलं. बाहेर बसस्टॉपवर विचारलं, "मराठी ना? किती तास?" मला आयुष्यात कोणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. मी म्हटलं, चौदा. "माझे पंधरा," ते म्हणाले.

दक्षिणेचं पाकीट देणाऱ्यासमोर उघडू नये, एवढं आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. कपाळाला लावायचं आणि खिशात ठेवायचं. काका तिथेच फोडायचे. नोटा मोजायचे, मोठ्याने आकडा सांगायचे आणि यजमानांना विचारायचे, "ही रक्कम टॅक्सच्या आधीची धरू ना?" मग खिशातून चिठ्ठी काढायचे आणि सही मागायचे. यजमानीणबाई पदर सावरत आत जायच्या. एकदा एकाने पाकिटात एकवीस डॉलर घातले होते आणि चारचौघांत एकवीस हा आकडा उच्चारला गेला, तेव्हापासून त्या माणसाने काकांशी बोलणं सोडलं. काकांच्या हे गावीही नव्हतं. मी त्यांना म्हटलं, अहो, लोकांना लाज वाटते. ते खरोखर गोंधळले. "कशाची? देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने घेतलं. सांगून मोकळं व्हायचं."

सांगून मोकळं व्हायचं, हे त्यांचं पालुपद. दाढ दुखली, घरमालकाची फरशी फुटली, कोणाची भाजी खारट झाली, सगळ्याला हेच.

आता माझं सांगते. काकांमुळेच मला पूजेच्या स्वयंपाकाची कामं मिळायला लागली. ते यजमानांना सांगायचे, प्रसादाचा शिरा आणि जेवण या बाईंकडून घ्या. तीस-चाळीस पानं, वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरणपोळी. पैसे रोख. ते मी कळवायचे नाही. मला त्यात काही चुकतंय असंही वाटत नव्हतं, किंवा वाटत होतं पण मी त्याला वाटू देत नव्हते. मनाला सांगायचे, ही काय नोकरी आहे? घरचा स्वयंपाक तर आहे. आणि त्या पैशांतून मुलीचे पोहण्याचे क्लास व्हायचे, टॉग्स म्हणजे पोहायचे कपडे यायचे, शाळेची सहल व्हायची. कापून गेले असते तर काय राहिलं असतं?

काका दर वेळी भांडी आवरताना विचारायचे, "बाई, कळवलंत का?" मी म्हणायचे, "कळवते हो." एवढंच. त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि मी कधी कळवलं नाही. असं वर्षभर चाललं.

मग ती न्यूटाउनच्या पलीकडची, समुद्र दिसणाऱ्या घरातली पूजा. यजमान मुंबईचे, आयटीतले, घर नवंकोरं. पूजा झाली, पाकीट फुटलं, एक्कावन्न. काकांनी सहीसाठी चिठ्ठी पुढे केली तर तो माणूस म्हणाला, "काका, मी काय तुमचा एम्प्लॉयर आहे का? मी कशावरही सही करणार नाही." झालं. काका चिठ्ठी हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. यजमान सही देत नसेल तर साक्षीदार हवा, हा त्यांचा कारखान्यातला नियम. माझे हात पुरणाचे, गॅसवर तवा, चाळीस माणसं पानावर बसलेली. "बाई, इथे जरा सही." मी न वाचता, अंगठ्याला हळद लागलेली असताना, पूर्ण नाव लिहून सही केली.

चिठ्ठीत काकांनी इंग्रजीत लिहिलं होतं की अमुक तारखेला एक्कावन्न डॉलर दक्षिणा मिळाली, आणि हे त्या ठिकाणी मोबदल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या समक्ष घडलं. मोबदल्यावर हा शब्द त्यांनी का घातला? कारण साक्षीदार यजमानाचा नातेवाईक नाही, तिऱ्हाईत आहे, हे स्पष्ट व्हायला हवं म्हणून. क्वालिटीचा माणूस. ती चिठ्ठी बाकीच्या चिठ्ठ्यांबरोबर त्यांनी केस मॅनेजर बाईंकडे दिली. आणि केस मॅनेजर बाई आम्हा दोघांची एकच.

मला पत्र आलं. तुमच्या कमाईबद्दल बोलायचं आहे, सोमवारी दहा वाजता या. बेनिफिट बंद झालं तर भाडं नाही. जास्त घेतलेलं परत मागितलं तर ते कुठून देणार होते? आणि कोर्टात गेलं तर माझा सिटिझनशिपचा अर्ज तसाच पडून होता. मुलगी आतल्या खोलीत चित्र काढत बसली होती, तिला जॅकेट घातलं आणि तशीच काकांच्या घरी गेले.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. मग चिठ्ठीचं सगळं आपणहून सांगितलं. काय लिहिलं होतं, कधी दिलं. चेहरा पडला त्यांचा, पण लपवलं काही नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही मला बुडवलंत."

ते म्हणाले, "हो. तुम्ही कळवलं नसेल हे माझ्या लक्षात आलं नाही. तुम्ही म्हणाला होतात कळवते."

"आता एक करा. सोमवारी तुम्हाला विचारतील. सांगा की मी पैसे घेत नव्हते. देवाचं काम, सेवा म्हणून केलं. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे, नारळ कळवणारा माणूस तुम्ही. तुम्ही म्हणालात तर प्रश्नच मिटला. एक वाक्य, काका. एकच."

काकांनी गॅस बंद केला. ओटा पुसला. फडकं धुऊन, पिळून, नळावर टाकलं. मग म्हणाले, "मला जमणार नाही बाई."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुमचं काय जातंय, तुम्ही एकटे. तुमच्या खरेपणाचं भाडं माझ्या लेकीने भरायचं का, असंसुद्धा म्हटलं. मुलगी दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. मी निघाले तेव्हा म्हणाले, "सोमवारी मी येतो तुमच्याबरोबर." मी म्हटलं, "येऊ नका."

आले. माझ्या आधीच येऊन, तीन खुर्च्या सोडून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात व्हर्नियर, काखेत कागदाची एक जाड गुंडाळी. माझं नाव पुकारल्यावर उभे राहिले. केस मॅनेजर बाईंनी मला विचारलं, हे तुमच्या सोबतीला आत आलेले चालतील का? मी खांदे उडवले.

तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली. माझी हळद लागलेली सही. अगदी साध्या आवाजात विचारलं, "असं काम तुम्ही किती वेळा केलं?"

मी घरून ठरवून आले होते. एकदाच, असं सांगायचं. त्या दिवशी पहिल्यांदाच. तिच्याकडे पुरावाही तेवढाच होता. मी तोंड उघडलं. काका माझ्याकडे बघत नव्हते. टेबलाच्या कडेकडे बघत होते. मी एकदाच म्हटलं असतं तर ते गप्प राहिले असते की बोलले असते, हे मला आजही माहीत नाही. खूपदा विचार केलाय त्यावर. एवढं माहीत आहे की ते शेजारी बसलेले असताना माझ्या तोंडून ते येईना.

"वर्षभर," मी म्हटलं आणि रडायला लागले. तिने टिश्यूचा डबा पुढे सरकवला. लाज वाटली, आणि सोबत असं हलकं वाटलं की त्याचीही लाज वाटली.

मग तिने तारखा विचारल्या. मला कुठल्या आठवणार? ती म्हणाली, तारखा नसतील तर आम्हाला अंदाज करावा लागेल, वर्षभर म्हणजे दर शनिवार-रविवार धरावा लागेल. बावन्न आठवडे धरले असते तर ते फेडायला माझं उरलेलं आयुष्य पुरलं नसतं.

काकांनी गुंडाळी उलगडली. त्यांच्या स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर होतं, त्यांची मुलगी दर दिवाळीला चिंचवडहून पाठवायची ते. तिथी, एकादशी, संकष्टी, सगळं छापलेलं. आणि प्रत्येक पूजेच्या चौकोनात त्यांच्या बारीक अक्षरात कोणाकडे, किती पानं, आणि खाली एक ओळ. स्वयंपाक बाईंचा, किंवा स्वयंपाक घरचा. वर्षभराच्या पूजा तेवीस. त्यातल्या बारा ठिकाणी स्वयंपाक घरचा, म्हणजे यजमानांच्या घरच्यांनी केलेला. माझ्या अकरा.

"हे लाल गोल काय आहेत?" केस मॅनेजर बाईंनी विचारलं. काकांनी तिला पौर्णिमा सांगितली. सत्यनारायण लोक शक्यतो पौर्णिमेला किंवा तिच्या जवळच्या शनिवारी करतात, म्हणून बघा, गोलांच्या आसपासच पूजा आहेत, मधले शनिवार मोकळे. ती खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला आली आणि दोघं बोट फिरवत पान पान बघत बसले. मी टिश्यू हातात घेऊन समोर. तिने अकरा तारखा लिहून घेतल्या, पानांच्या संख्येवरून मला दर वेळचे पैसे आठवले, ते लिहून घेतले.

कोर्ट झालं नाही. लेखी समज मिळाली, आणि जास्त घेतलेले पैसे दर आठवड्याला थोडे थोडे कापून घ्यायचं ठरलं. जवळजवळ दोन वर्षं कापले. पोहण्याचे क्लास बंद केले. मुलगी एक महिना रुसली, मग समुद्रावर फुकट पोहायला शिकली.

मी मात्र काकांशी बोलत नव्हते. वाचवलं त्यांनी हे खरं, पण बुडवलंही त्यांनीच ना. असं तीन आठवडे. चौथ्या सोमवारी सकाळी सव्वाआठला दारावर टकटक. काका, हातात फोन आणि पिशवीत लसूण. "आमच्याकडे रेंज येत नाही," म्हणाले. त्यांच्याकडे रेंज उत्तम यायची, मला माहीत होतं. टेबलावर फोन ठेवला, गाणी सुरू झाली, लसूण सोलायला घेतला. थोड्या वेळाने मीही एक गड्डा ओढला. त्यांचं सांगून झालं आणि त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "आता बाई सांगतील," असं पलीकडच्याला इंग्रजीत सांगितलं. मी माझे चौदा तास सांगितले. एक स्वयंपाक सांगितला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे झकास. एवढंच. याच्यासाठी मी वर्षभर लपवत फिरले होते.

पुढे हे दर सोमवारचंच झालं. आमच्या घरी लसूण कधी विकत आणावा लागला नाही. आणि यजमानांना काका स्पष्ट सांगायचे, "बाईंना चाळीस जास्त द्या. त्या कळवतात." लोक कुरकुर करत द्यायचे.

लेक मोठी झाली, तिचं तिला घरी यायला जमायला लागलं, तेव्हा बेकरीने मला पूर्ण वेळ घेतलं. बेनिफिट बंद करायचा फोन मी आमच्या टेबलावरूनच केला. काका शेजारी ताठ बसलेले. फोन ठेवल्यावर उभे राहिले आणि माझ्याशी हात मिळवला. लेकीने फोटो काढला. त्यात मी हसतेय आणि काकांच्या बोटांना लसणाची सालं चिकटलेली आहेत.

२०१८ च्या शेवटी ते परत गेले, मुलीकडे, चिंचवडला. दम लागायचा त्यांना, हिवाळा सोसेना. जाण्याआधी बेनिफिटच्या ऑफिसात जाऊन देश सोडत असल्याचं कळवून आले. ते तर कळवणं जरुरीचंच होतं, पण काकांनी विमानाची वेळही कळवली.

वेलिंग्टनच्या विमानतळावर मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि पाकीट दिलं. मला माहीत होतं काय होणार. तिथेच फोडलं. बॅगांच्या रांगेत उभं राहून मोजलं. "एकशे एक," मोठ्याने म्हणाले. मग हातातल्या नोटांकडे बघत राहिले. "आता हे कोणाला कळवायचं?"

कळवायला कोणी नाही, याची त्यांना सवयच नव्हती. मी म्हटलं, "मला कळवा."

मला वाटलं तो विषय तिथे संपला. पुढच्या सोमवारी दुपारी मी बेकरीत, हात पिठात, आणि मेसेज आला. "गेल्या आठवड्यात एक वास्तुशांत. अकराशे एक. नारळ तीन, धरायचे नाहीत." मी हात धुऊन उत्तर टाकलं, "चाळीस तास. एक पूजेचा स्वयंपाक, तीस पानं." असं दर सोमवारी. त्यांच्याकडे सकाळचे आठ, माझ्याकडे दुपार. कधी एखादी मुंज, कधी सत्यनारायण. पावसाळ्यात पूजा कमी झाल्या. मग एका सोमवारी नुसतंच, "शून्य."

पुढच्या सोमवारी शून्य. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. मी चिडवलं, "काका, काही कमावलं नसेल तर कळवायची गरज नसते." उत्तर आलं, "तरी लिहून घ्या." मी लिहून घेतलं. खरंच घेतलं, आमच्याही स्वयंपाकघरात आता तसलंच कॅलेंडर आहे, सोमवारच्या चौकोनात दोन आकडे, एक त्यांचा, एक माझा. त्यांच्या बाजूला ओळीने सात शून्यं झाली. तब्येतीबद्दल विचारलं की ठीक म्हणायचे, आणि ठीक याचा अर्थ काकांच्या तोंडी काय हे मला कळत होतं, तरी मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आठव्या सोमवारी काही आलं नाही. दुपारी नाही, बेकरी बंद केली तेव्हा नाही. मी घरी आले, लसूण सोलायला घेतला, फोन टेबलावर. सहा वाजता हात पुसले आणि चिंचवडला लावला. त्यांच्या मुलीने उचलला. मागे बरीच माणसं बोलत असल्याचा आवाज होता.

"ताई," ती म्हणाली, "मी तुम्हाला कळवणारच होते."

"कळलं मला," मी म्हटलं. "आज शून्य आलं नाही."